‘दाखला काढून न्या’: अमेरिकेतल्या चार्टर हायस्कुलांत मुलं का चिडतात?

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. ती अमेरिकेतल्या एका चार्टर हायस्कुलात दहावीत आहे. शाळेच्या अ‍ॅपवर तिच्या नावापुढे त्या दिवसाच्या तीन नोंदी होत्या. ८:०३, उशीर, एक डिमेरिट, म्हणजे शिस्त मोडल्याचा शेरा. १०:४१, डोकं बाकावर टेकवलं, एक डिमेरिट. १:१५, टोन, एक डिमेरिट.

पहिल्या दोन नोंदी मला कळल्या, तिसरी कळेना. फोन करून विचारलं, “टोन म्हणजे काय गं?”

“मावशी, मिस म्हणाल्या हूडी काढ. वर्गात गार होतं. मी फक्त ‘का’ म्हणून विचारलं. तर म्हणे माझा टोन बरोबर नव्हता.”

“मग आईबाबा काय म्हणाले?”

“आई म्हणते लॉटरीत नंबर लागलाय, चांगली शाळा आहे, चार वर्षं गप काढ.”

मी पुण्यातल्या एका अनुदानित शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. पोरांना वर्गाबाहेर उभं केलेलं, अंगठे धरायला लावलेलं मी पाहिलं आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही कमी कडक नव्हते. शिस्तीशिवाय साठ मुलांचा वर्ग चालत नाही, हे मला कोणी सांगायला नको. तरी ‘टोन’ हा शब्द डोक्यातून जाईना. म्हणून या शाळा चालतात कशा, त्यांचे नियम कुठून आले आणि मुलांचा राग नेमका कशावर आहे, हे मी नीट वाचून काढलं. आपल्याकडचे पुष्कळ पालक आता तिकडे आहेत आणि त्यांना हे मराठीत कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

चार्टर म्हणजे सनद. एखादी संस्था किंवा काही माणसं एकत्र येऊन सरकारी यंत्रणेकडे अर्ज करतात की आम्ही शाळा चालवतो, मुलांना अमुक इतकं शिकवून दाखवतो. अर्ज मंजूर झाला की त्यांना ठरावीक मुदतीची, बऱ्याचदा तीन ते पाच वर्षांची सनद मिळते. मुलामागे सरकारी पैसा येतो. फी नसते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढतात. निकाल वाईट लागले किंवा पैशांत घोळ झाला तर सनद पुढे चालू राहत नाही.

आपल्या वाचकाला समजायचं तर अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा: पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या पाठीशी १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे, संस्थाचालकाच्या मनात आलं म्हणून त्याला उद्या घरी बसवता येत नाही. बहुतेक चार्टर शाळांत तसं संरक्षण नाही. करार वर्षाचा, संघटना सहसा नाही. हे लक्षात ठेवा, कारण मुलांच्या तक्रारीत शिक्षकच खलनायक दिसतो आणि मला तो तसा वाटत नाही.

गंमत वाटेल, पण ही कल्पना लोकांपुढे जोरात मांडली ती शिक्षक संघटनेच्याच नेत्यानं. अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्सचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये म्हटलं की, नेहमीच्या शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांच्या छोट्या गटांना नवे प्रयोग करायची मुभा द्या. पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यात झाला आणि पुढच्या वर्षी सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली. आज साधारण ३७ लाख मुलं या शाळांत आहेत, म्हणजे सरकारी पैशावर शिकणाऱ्या दर शंभर मुलांतली सातेक.

सगळ्या चार्टर शाळा कडक नसतात. नाटक-संगीताच्या असतात, माँटेसरी असतात, नुसत्या ऑनलाइनही असतात. ज्यांच्याबद्दल मुलं सर्वांत जास्त बोलतात त्या शाळांना ‘नो एक्स्क्यूजेस’ म्हणतात, म्हणजे ‘सबबी चालणार नाहीत’. १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये दोन तरुण शिक्षकांनी ‘किप’ सुरू केलं, पुढे शिकागोत ‘नोबल’, न्यूयॉर्कमध्ये ‘सक्सेस अकॅडमी’ आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि मनापासून होतं: गरीब वस्तीतल्या, बहुतांशी काळ्या आणि लॅटिनो मुलांकडून कोणीच फारशी अपेक्षा ठेवत नाही, आम्ही ठेवू. शाळा जास्त तास, वर्ष जास्त दिवसांचं, प्रत्येक मूल कॉलेजात जाणार हे भिंतीवर लिहिलेलं.

कडक नियमांमागचा विचार मात्र शाळेतून आलेला नाही, तो आला पोलिसी कामातून. १९८२ मध्ये जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी ‘फुटक्या काचे’चा सिद्धांत मांडला होता. एक फुटकी काच तशीच ठेवली की लोकांना वाटतं इथे कोणाचं लक्ष नाही, मग मोठे गुन्हे होतात, म्हणून छोट्या गोष्टीपासूनच धाक हवा. हाच विचार वर्गात आला. शर्ट बाहेर आला, पट्टा काळा नाही, च्युइंगगम, बोलणाऱ्याकडे नजर नाही, या सगळ्या फुटक्या काचा ठरल्या. कित्येक शाळांत ‘स्लँट’ नावाची बैठक शिकवतात: ताठ बस, ऐक, प्रश्न विचार आणि उत्तर दे, मान डोलाव, बोलणाऱ्याकडे बघत राहा. पाचवीतल्या मुलाला हे खेळासारखं वाटू शकतं. सोळा वर्षांच्या मुलीला, जी संध्याकाळी दुकानात काम करते आणि धाकट्या भावाला सांभाळते, तिला कोणी ‘नजर हटली’ म्हणून डिमेरिट दिलं तर तिला काय वाटेल?

डिमेरिट म्हणजे काय ते एका शाळासमूहाच्या उदाहरणावरून नीट दिसतं. शिकागोतल्या नोबल शाळांमध्ये एके काळी दोन आठवड्यांत चार डिमेरिट झाले की शाळा सुटल्यावर थांबवून ठेवायचे, म्हणजे डिटेन्शन, आणि त्याचे पाच डॉलर मुलाच्या घरून घ्यायचे. २०१२ मध्ये पालक आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांनी हिशोब बाहेर काढला, तेव्हा या समूहानं एका वर्षात जवळपास १,९०,००० डॉलर अशा दंडापोटी गोळा केल्याचं उघड झालं. कारणं काय, तर बुटाची नाडी सुटली, शर्टाचं बटण नाही, शाळेत चिप्स आणले. ज्या घरात महिन्याचं भाडं जमवताना नाकी नऊ येतात तिथे हे पाच डॉलर कोणाच्या खिशातून जातात? आईच्या. गैरशिस्तीचा खर्च ती करणाऱ्यानंच द्यायचा, असं शाळेचं समर्थन होतं. २०१४ मध्ये हा दंड बंद झाला.

मुलांचा राग सर्वांत उघडपणे दिसला तो न्यू ऑर्लिन्समध्ये. २००५ च्या कतरिना वादळानंतर त्या शहरातली जवळजवळ सगळीच शाळाव्यवस्था चार्टरकडे गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथल्या कार्व्हर नावाच्या दोन हायस्कुलांतली मुलं वर्ग सोडून बाहेर पडली आणि त्यांनी आपल्या तक्रारी लिहून दिल्या. पॅसेजमध्ये जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून रांगेनं चालायचं, पट्टी सोडली की शिक्षा, ही त्यातली एक. आकडे त्याहून बोलके आहेत. २०१२-१३ या एका वर्षात कार्व्हर कॉलेजिएटमधल्या ६९ टक्के मुलांना आणि कार्व्हर प्रेपमधल्या ६१ टक्के मुलांना निदान एकदा तरी शाळेतून तात्पुरतं काढलं होतं. मला हे वाचून आमच्या शाळेचं हजेरीपत्रक आठवलं. साठ नावांपैकी चाळीस नावांपुढे लाल शेरा असता, तर मुख्याध्यापकांनी मुलांना नव्हे, मलाच बोलावून घेतलं असतं.

त्या मुलांनी नियम नकोत असं म्हटलं नव्हतं. पालकांनी हे जरा लक्षात घ्यावं. मुलांच्या तक्रारी वाचल्या की त्यात गणवेशाबद्दल कुरकुर असते, फोन काढून घेण्याबद्दल असते, पण खरी जळजळ दोन जागी असते. एक, नियमाचं कारण कोणी सांगत नाही. दुसरं, तो सगळ्यांना सारखा लागत नाही.

दुसरा मुद्दा मुलांच्या मनाचे खेळ नाहीत. रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका शहरातल्या शिक्षांच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांना शिक्षेला पाठवलं जायचं ते सिगारेट, तोडफोड, न विचारता निघून जाणं अशा डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींसाठी. काळ्या मुलांना पाठवलं जायचं ते उद्धटपणा, जास्त आवाज अशा गोष्टींसाठी, ज्या समोरच्याला तशा ‘वाटाव्या’ लागतात. ते नेहमीच्या सरकारी शाळांचं संशोधन होतं, चार्टरचं नाही. पण माझ्या भाचीच्या अ‍ॅपवरच्या तीन नोंदी मी पुन्हा पाहिल्या. उशीर घड्याळात दिसतो. डोकं बाकावर आहे की नाही हे वर्गातल्या सगळ्यांना दिसतं. टोन फक्त एकीला ऐकू आला होता.

आता शिक्षकांकडे वळू. या शाळांत शिक्षक तरुण असतात, बरेचसे पहिल्या दुसऱ्या वर्षातले, आणि टिकत नाहीत. त्यांना बोलायची वाक्यंही ठरवून दिलेली असतात. काही शाळासमूहांत तर शिक्षकाच्या कानात इअरपीस असतो आणि मागे बसलेला मार्गदर्शक त्याला सांगतो, तिसऱ्या रांगेतला मुलगा बघत नाही, त्याला टोक. निरीक्षक आला आणि कुणी हूडी घातलेली दिसली तर शेरा शिक्षकावर. सनद निकालांवर टिकते, शिक्षकाची नोकरी सनदेवर आणि मुख्याध्यापकाच्या मर्जीवर. मी नवखी असताना माझ्या वर्गात कोणी ‘का’ विचारलं की मला भीती वाटायची, वर्ग हातातून जाईल याची. ती भीती जायला मला सात-आठ वर्षं लागली. या शाळांतल्या पुष्कळ शिक्षकांना तेवढी वर्षं मिळतच नाहीत.

मग हे सगळं पालक का सहन करतात? कारण अभ्यास होतो. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात प्रामाणिकपणा नाही. बॉस्टनमध्ये लॉटरी लागलेली आणि न लागलेली मुलं यांची अर्थतज्ज्ञांनी तुलना केली. नशिबानंच निवड झालेली असल्यामुळे ही तुलना खरी धरता येते. लॉटरी लागलेल्यांचे गुण, विशेषतः गणितात, बरेच वाढलेले दिसले. पण गुण वाढले ते कशामुळे? रोलंड फ्रायर आणि विल डॉबी यांनी न्यूयॉर्कच्या चार्टर शाळा तपासल्या तेव्हा पाच गोष्टी पुढे आल्या: शिक्षकाला वरचेवर सल्ला मिळणं, चाचण्यांचे निकाल पाहून शिकवणं बदलणं, छोट्या गटात भरपूर शिकवणी, जास्त तास आणि मोठ्या अपेक्षा. पट्ट्याचा रंग त्यात नाही, चिकटपट्टीवरून चालणंही नाही. समाजशास्त्रज्ञ जोॲन गोलन अशाच एका शाळेत दीर्घकाळ बसून होत्या. त्यांना दिसलं की मुलं गप्प राहायला, मोठ्यांची मर्जी सांभाळायला शिकतात, पण कॉलेजात लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे स्वतःहून विचारणं, हरकत घेणं, मत मांडणं, यांची सवयच मोडते.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या गोष्टीवर घालवला, तिच्याकडे येते. आपल्याकडे खासगी संस्थेच्या मुख्याध्यापकांचं एक ठरलेलं वाक्य आहे: पटत नसेल तर दाखला काढून न्या. चार्टर शाळेच्या रचनेतच हे वाक्य बसलेलं आहे. नेहमीच्या सरकारी शाळेवर बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं शाळा मंडळ असतं, पालक मतदान करतात. चार्टरचं संचालक मंडळ निवडून आलेलं नसतं. तक्रार केली की उत्तर तयार असतं, ही शाळा तुम्ही निवडलीत.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. कलाशिक्षणाच्या एका चार्टर हायस्कुलानं चाकू आणल्यावरून एका मुलाला सुनावणी न घेता काढून टाकलं. घरचे न्यायालयात गेले. २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं म्हटलं की याला हकालपट्टी म्हणता येणार नाही, कारण मुलाला त्याच्या भागातल्या नेहमीच्या शाळेत जाता येतंच. चाकूचा प्रकार गंभीर होता, पण निकालाचा अर्थ सगळ्याच मुलांना लागू होत होता. नेहमीच्या शाळेतल्या मुलाला जी सुनावणी हक्कानं मिळते, ती चार्टरच्या मुलाला मिळेलच असं नाही! शेवटी २०१७ मध्ये राज्यानं कायदा करून चार्टर शाळांनाही आरोप सांगणं आणि मुलाची बाजू ऐकणं भाग पाडलं.

तरीही मुलं अगदीच निःशस्त्र नाहीत. १९६९ मध्ये डे मॉइन शहरातल्या मुलांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शाळेच्या फाटकापाशी मुलांचे घटनात्मक हक्क गळून पडत नाहीत. त्या मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या. १९७५ मध्ये ओहायोतल्या खटल्यात ठरलं की दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनसाठीसुद्धा मुलाला आरोप सांगायला हवा आणि त्याचं म्हणणं ऐकायला हवं. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका चार्टर शाळेत मुलींनी स्कर्टच घालायचा असा नियम होता. तिथल्या पालकांनी दावा लावला, आणि शाळा म्हणाली, आम्ही खासगी संस्था आहोत, घटनेचा आम्हाला संबंध नाही. २०२२ मध्ये संघीय अपील न्यायालयानं ते फेटाळलं: सरकारी पैशानं सरकारी शाळा चालवता, तर घटना तुम्हालाही लागू, आणि हा नियम मुलींना समान वागणूक देत नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. मॅसेच्युसेट्समध्ये २०१७ साली एका चार्टर शाळेनं दोन काळ्या बहिणींना वेण्यांमध्ये जोडकेस घातले म्हणून डिटेन्शन दिलं, प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाच-समारंभाला, येऊ देणार नाही म्हटलं. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी हा नियम बेकायदा ठरवला आणि शाळेला तो सोडावा लागला. २०२२ मध्ये केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध त्या राज्यानं कायदाच केला.

या शाळा आतूनही बदलल्या आहेत, ते मुलांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यामुळेच. ‘किप’नं २०२० मध्ये ‘मेहनत कर, चांगलं वाग’ हे आपलं जुनं घोषवाक्य काढून टाकलं. नोबलच्या प्रमुखांनी माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून जुनी शिस्त वर्णद्वेषी होती अशी स्पष्ट कबुली दिली.

आपल्या लोकांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. ॲरिझोनात फीनिक्सच्या आसपास राहणारी काही मराठी कुटुंबं मुलांना ‘बेसिस’ या चार्टर शाळांमध्ये घालतात. १९९८ मध्ये टूसॉनला सुरू झालेल्या या शाळा पट्टा आणि बुटांमुळे कडक नाहीत, अभ्यासामुळे आहेत. तिथल्या मुलांची तक्रार वेगळी असते: झोप मिळत नाही, एक विषय घसरला की इथून निघून जावं लागेल अशी धास्ती. आपल्याला ही तक्रार ऐकूच येत नाही, कारण दहावी-बारावीला आपणही तसंच काढलं. मला वाटतं इथे आपण मुलांवर अन्याय करतो.

पालकांनी करायचं काय? आधी शाळेची नियमपुस्तिका मागा आणि नेमका कोणता नियम मोडला ते लेखी विचारा. मूल स्पेशल एज्युकेशनमध्ये, म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेल्या मुलांसाठीच्या खास व्यवस्थेत असेल तर दहा दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर ठेवण्याआधी, हे वागणं त्याच्या अडचणीतून आलं का हे शाळेला तपासावंच लागतं. मुख्याध्यापकांनी दाद दिली नाही तर संचालक मंडळाच्या सभेला जा. बहुतेक राज्यांत त्या सभा सगळ्यांसाठी खुल्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी लोकांना दोन-तीन मिनिटं बोलू देतात. त्याच्याही वर सनद देणारी यंत्रणा असते, आणि सनद पुन्हा मंजूर करायची वेळ आली की ती तक्रारींचं दप्तर उघडते. तोंडी तक्रार त्या दप्तरात नसते.

माझ्या भाचीनं पुस्तिका वाचली. पट्टा किती रुंद असावा, त्याचं बक्कल कसं असावं, यावर तीन ओळी आहेत. ‘टोन’ हा शब्द एकदाच येतो, ‘अनादर’ या शब्दाच्या मागे स्वल्पविराम देऊन. तिनं बाईंना शाळा सुटल्यावर शांतपणे विचारलं. त्या तेवीस वर्षांच्या आहेत, दुसरंच वर्ष. म्हणाल्या, “त्या दिवशी मागे कोण बसलं होतं ते तू पाहिलं नाहीस का?” डिमेरिट त्यांनी काढलं नाही, त्यांना ते अ‍ॅपमधून काढताच येत नाही.

पुढच्या मंगळवारी मंडळाची सभा आहे आणि तिनं बोलायला नाव दिलं आहे. तिची आई आधी नको म्हणत होती, आता रजा टाकून सोबत जाणार आहे. काल रात्री व्हिडिओ कॉलवर तिनं मला भाषण म्हणून दाखवलं, घड्याळ लावून. एक मिनिट बावन्न सेकंद.

“मावशी, ‘का’ हा शब्द पाच वेळा येतोय. दोन कमी करू?”

मी म्हटलं, सगळे राहू देत, फक्त सावकाश वाच.